ट्रॉल्या काढून मांडणी लावली. मूर्खपणा झाला का?

कढीलिंब
गेल्या महिन्यात ओट्याखालच्या सहापैकी चार ट्रॉल्या काढून टाकल्या. सुतार दोनदा विचारून गेला, "ताई, नक्की काढायच्या ना? लोक बसवायला बोलावतात." म्हटलं, नक्की.

स्वयंपाकघर पुण्यातल्या कुठल्याही टूबीएचकेत असतं तेवढंच, आठ बाय सात. माणसं चार. नऊ वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हा 'सगळं आत गेलं की कसं छान दिसतं' या एका वाक्याला मी भुलले. आता हिशेब बघा. ओटा आतून २४ इंच खोल, ट्रॉलीची जाळी २० इंच. मागचे चार इंच झुरळांना आंदण. दोन्ही बाजूंना चॅनेलसाठी, म्हणजे ट्रॉली सरकते त्या पट्ट्यांसाठी, अर्धा-अर्धा इंच गेला. त्यात एकावर एक तीन जाळ्या, त्यामुळे पाच किलोचा डबा एकीतही उभा राहत नाही. तो जातो माळ्यावर, आणि रोज तांदूळ काढायला मी स्टुलावर.

पण मन उठलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ट्रॉल्या रिकाम्या करताना मोहरीची तीन फोडलेली पाकिटं निघाली, तिघांनाही रबर. खसखशीची दोन. साबुदाण्याच्या पिशवीत जाळी धरलेली. आणि चॅनेलच्या मागे पडलेली पुरणयंत्राची चकती, जी हरवली म्हणून दोन वर्षं मी मनातल्या मनात मावशींवर संशय घेत होते. (त्या दिवशी मावशींना चहाबरोबर खारी दिली. त्यांना काही कळेना.)

दिसलं नाही की संपलं असं वाटतं आणि आपण पुन्हा आणतो. आता भिंतीवर आईकडची स्टीलची मांडणी आहे. कपांना आकडे, ताटांना खाचा, खाली वाट्यांचा खण. ओट्याखाली कडाप्प्याचे दोन आडवे खण, त्यावर डबे, दारं नाहीत. जाऊबाई बघून म्हणाल्या, "चाळीत आल्यासारखं वाटतं." नवरा मात्र खूश आहे, त्याला चहा-साखर न विचारता सापडते. तुम्हाला काय वाटतं?

हमरस्ता
मूर्खपणाच. रागावू नका.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. खाली गाड्या, समोर मेट्रोचं काम. उघड्यावर ठेवलेल्या ताटावर दोन दिवसांनी बोट फिरवून बघा. नुसती धूळ असती तर फडका मारून भागलं असतं. फोडणीच्या वाफेतलं तेल आधी बसतं, त्यावर धूळ बसते, आणि तो जो चिकटा होतो तो गरम पाणी आणि सोडा घेऊन घासावा लागतो. आमच्याकडे पण होती हो मांडणी. दर रविवारी सकाळी मी स्टुलावर आणि बाकी घर पेपर वाचत. ट्रॉल्या बसवल्या तेव्हापासून रविवारी मीही पेपर वाचते.

उघड्या मांडणीचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने आधी सांगावं, पुसतं कोण?

कढीलिंब
नवरा. महिन्यातून एकदा. (पहिलाच महिना आहे, मान्य.)

पण रोजची भांडी रोज घासली जातात, त्यांच्यावर धूळ बसायला वेळ कुठे आहे? धूळ बसते ती न वापरलेल्यांवर. लग्नात आलेली नाव घातलेली बारा ताटं मी पलंगात टाकली. मांडणीवर चौघांची आणि दोन पाहुण्यांची. तुमच्या तिथे रस्त्याला लागून नाहीच जमणार, तेवढं मागे घेते.

सुतारपक्षी
पंधरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून ट्रॉलीच्या बाजूने चार शब्द. बिचारीचा काही दोष नाही.

गिऱ्हाईक लॅमिनेटचा रंग ठरवायला तीन रविवार घालवतं आणि डबे मोजायला त्याला दहा मिनिटं नसतात. मी पहिल्या दिवशी टेप काढतो ती भिंतीला लावायला नाही. रोजच्या वापरातला सगळ्यात उंच डबा, शिट्टीसकट कुकर, आणि भांडं लावलेला मिक्सर, एवढी तीन मापं आधी लिहून घेतो. त्यावरून खालचा खण उंच, मधला बेताचा, वरचा चार बोटांचा, चमचे-सुऱ्या-लाटण्यापुरता. सारख्या उंचीच्या तीन जाळ्या बसवणं हे बसवणाऱ्याच्या सोयीचं असतं, घरच्यांच्या नाही. कढीलिंब ताईंचे पैसे तिथे गेले.

मागचे चार इंच मुद्दाम सोडलेले असतात. तिथून पाइप जातात, भिंतीला ओल येते. झुरळं त्या चार इंचांमुळे होत नाहीत. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात बघा, काडी घातली तर आत जाते. ते भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवा, मग बोलू. आणि सिंकखालचं कपाट पार्टिकल बोर्डचं असेल तर ते फुगणारच. तिथे आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, लावा, बाकी ठिकाणी कमी दर्जाचं चालेल.

कढीलिंब
शिट्टीसकट कुकर! नऊ वर्षं आमच्या कुकरची शिट्टी काढून वेगळ्या वाटीत ठेवलेली असते. आज कळलं का ते.

उतरंड
ट्रॉली काय आणि मांडणी काय, दोन्ही बाजारातूनच आलेली. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात कोठीची खोली होती. भाताची कणगी, मडक्यांची उतरंड, दूध-लोण्याला शिंकाळं. मीठ कायम चिनी मातीच्या बरणीत, कारण ते धातूला खातं. लोणच्याच्या बरणीला फडक्याचा दादरा. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा पाला, वर्षभर पोरकिडा दिसायचा नाही. आजीने अंधारात हात घातला तरी मेथ्याच हाताला लागायच्या. तिला कुणी 'ऑर्गनायझेशन' शिकवलं नव्हतं.

साखरांबा
मेथ्या सापडायच्या, कारण त्या तिनेच ठेवलेल्या आणि दुसरं कुणी त्या खोलीत शिरत नव्हतं. आजोबांना विचारून बघायचं होतं मेथ्या कुठे आहेत म्हणून. स्वतःचा पाण्याचा तांब्या तरी सापडत होता का त्यांना?

शिवाय तुमच्या आजीला कोठीची खोली होती. आमची सगळी कोठी म्हणजे फ्रिजशेजारचं दीड फुटाचं कपाट.

आमच्याकडे तिघं स्वयंपाक करतात. सकाळचा नाश्ता सासरे, पोळ्या मावशी, रात्रीचं मी. एकाच्या डोक्यातली जागा दुसऱ्याला कशी कळणार? म्हणून मी सगळे स्टीलचे डबे काढून चौकोनी पारदर्शक बरण्या घेतल्या, एका मापाच्या, वर नाव लिहिलेली पट्टी. स्टीलचे दहा डबे बाहेरून सारखे. हरभऱ्याची डाळ काढायची तर पाच झाकणं उघडा. आणि चौकोनीच का, तर गोल डबे शेजारी-शेजारी ठेवले की पाचवा हिस्सा जागा मधल्या कोपऱ्यांत जाते. कागदावर चौकोनात गोल काढून बघा.

सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी पोहे स्वतः शोधून केले. बायको गेल्यावर चार वर्षांत पहिल्यांदा.

पोटमाळा
वरच्या शेवटच्या वाक्यापुढे वाद घालायची इच्छा होत नाही, तरी घालतो.

एक: माप. सामान येतं किलोवर आणि बरण्या मिळतात मिलीलिटरवर. ९०० मिलीच्या बरणीत किलोभर तूरडाळ मावतच नाही. पाव किलो उरते, ती पिशवीत रबर लावून परत ट्रॉलीत. म्हणजे एका जिनसाच्या दोन जागा झाल्या, आणि कढीलिंब ताईंची मोहरी नेमकी अशीच साठली असणार. किलोभर डाळीला किंवा साखरेला सव्वा लिटरची बरणी लागते, कणकेला पावणेदोन ते दोन लिटरची. पोह्यांचं तर विचारूच नका. सगळ्या एका मापाच्या बरण्या फोटोत छान दिसतात, पण मेथ्या आणि कणीक घरात एका मापाने येत नाहीत.

दोन: उजेड. शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, तेल यांना उजेड आणि उष्णता चालत नाही, खवट होतात. हे पुस्तकातलं सांगत नाहीये. गेल्या एप्रिलमध्ये खोबऱ्याच्या वाट्या काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवल्या, ऊन पडलं की काय सुंदर दिसायच्या. मेहुणा जेवायला आला त्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं आणि रस्सा साबणासारखा लागला. मेहुणा सभ्य आहे, वाटीभर संपवला. मी नाही संपवू शकलो.

साखरांबा
बरणी खिडकीत ठेवायला कुणी सांगितलं होतं? माझ्या कपाटाला दार आहे. सव्वा लिटरचा मुद्दा मात्र बरोबर आहे, माझीही साखर पिशवीत उरते.

हमरस्ता
उजेडाचा विषय निघालाच आहे तर कढीलिंब, बटाटे कुठे ठेवता? दारं नाहीत म्हणालात. उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खायचा नसतो. फ्रिजमध्ये ठेवाल तर गोड होतो.

कढीलिंब
...उरलेल्या दोन ट्रॉल्यांत. एकीत कांदे, एकीत बटाटे. जाळीतून हवा खेळते, दार लावलं की अंधार. बोला आता.

हमरस्ता
मी काय बोलणार, तुम्हीच बोललात.

माइनकाठी
मी फ्रँकफुर्टला असतो, म्हणून थोडं अवांतर. हल्लीच्या बांधीव स्वयंपाकघराची सुरुवात बऱ्याचदा इथूनच सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर इथे घरांची टंचाई होती. नगरपालिकेने नव्या वसाहती बांधायला काढल्या आणि मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे कढीलिंब यांच्या स्वयंपाकघराहून थोडंसंच मोठं. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. बाईची पावलं मोजून कुठली वस्तू कुठे हे ठरवलं होतं.

तुमच्या वादाशी संबंध असा की कोरड्या जिनसांसाठी त्यात ॲल्युमिनियमचे छोटे खण होते, हँडल धरून ओढायचे, टोकाला ओतायला चोच, आणि प्रत्येकावर जिन्नसाचं नाव. आत काय आहे ते दिसत नाही, पण नाव आहे, आणि खण हलका असल्याने उचलला की किती उरलंय ते हाताला कळतं. ना स्टीलचा डबा, ना काचेची बरणी. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण ओकमुळे पिठात अळ्या होत नाहीत असा हिशेब होता. उतरंड यांच्या आजीचा कडुनिंब आणि हा ओक यांत मला फार फरक वाटत नाही.

गंमत म्हणजे या बाईंनीच पुढे सांगितलं होतं की हे आखेपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता.

हमरस्ता
म्हणजे वरणाला फोडणी न देता आलेल्या माणसाने ओटा आखायचा, ही प्रथा जवळजवळ शंभर वर्षांची झाली तर.

सुतारपक्षी
मला फोडणी देता येते. नोंद असावी.

ती ओतायची चोच मात्र भारी आहे. दोन दिवस डोक्यात घोळतेय. रवा-साखरेला असा खण करून बघायला पाहिजे, फक्त मुंग्यांचं काय करायचं ते सुचत नाही.

उतरंड
शिंकाळं.

साखरांबा
😀 मावशींना आज विचारलं, ट्रॉली बरी की मांडणी. त्या सहा घरी पोळ्या करतात. म्हणाल्या, "काही पण लावा, पण पोळपाट-लाटणं आणि कणकेचा डबा एका हाताच्या अंतरावर ठेवा. तीन घरी कणीक एका टोकाला आणि गॅस दुसऱ्या टोकाला आहे. चालून चालून पाय दुखतात." आमचंही घर त्या तिघांत होतं. डबा हलवला.

कढीलिंब
हे मी नऊ वर्षांत कुणाला विचारलं नाही. उद्या आमच्या मावशींना विचारते.

बाकी काढलेल्या चार जाळ्या बाल्कनीत पडून आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय, देववत नाही. कुणाला हव्यात का?

हमरस्ता
रुंदी किती? माझी खालची एक चॅनेलमधून निखळलीय, गेले सहा महिने पायाने ढकलून बंद करते.

कढीलिंब
पंधरा इंच. ठाण्याला कोण येतंय बघते. सोबत मोहरी पाठवू का? दोन पाकिटं जास्तीची आहेत.