मदत हवी आहे: अमेरिकेत महाभियोग नेमका कशासाठी चालवता येतो?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोग वाचताना एका ठिकाणी अडलोय. पद्धत कळली: प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, सिनेटमध्ये सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली खटला चालतो, दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन तर अवघ्या एका मताने वाचले!

पण कारणांचं काय? राज्यघटनेत देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन’ एवढंच म्हटलंय. हे गैरवर्तन म्हणजे फौजदारी गुन्हाच हवा, की सत्तेचा दुरुपयोगही पुरतो? मला दुसरं पटतं, कारण सिनेट फक्त पदावरून काढू शकते, फार तर पुढे पद घ्यायला बंदी घालते. तुरुंगात पाठवत नाही. पण मग निव्वळ राजकीय वैरातून होणारा महाभियोग कसा ओळखायचा? घटनाकायदा शिकलेल्या कुणीतरी कृपया समजावून सांगा.