मुंबई–नागपूर: दारापासून दारापर्यंत खरे तास किती?

विमानाचा दीड तास आणि समृद्धीचे आठ तास, दोन्ही आकडे ऐकायला छान. दादर ते सीताबर्डी धरून नेहमी जाणाऱ्यांनी आपापला हिशेब टाका. किस्से नकोत, मिनिटं हवीत.

आमणेकर
दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ६८५ किमी, आणि समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरच्या शिवमडक्यापर्यंत ७०१. वळसा असा नाहीच. १२० च्या मर्यादेवर न थांबता ५ तास ५० मिनिटं, १०० वर ७ तास. फरक सगळा ७० मिनिटांचा, त्यासाठी इंजिन पिळू नका.
वेळ खातो तो आमण्याच्या अलीकडचा रस्ता. माजिवडा ते वडपे जेमतेम २४ किमी, पण भिवंडीच्या गोदामांचे ट्रेलर निघाले की साकेत पुलापासून रांग. साडेपाचच्या आत माजिवडा ओलांडा. दादर ते आमणे सव्वा तास, समृद्धी सव्वासात, थांबे पाऊण, शेवटी शहरात अर्धा: पावणेदहा तास. कारचा टोल किमीला २.०६ रुपये, म्हणजे एका बाजूचे साडेचौदाशेच्या आसपास.

गेटवर_धावणारा
विमानाचे पाच धरा. काउंटर तासभर आधी बंद, गेट २५ मिनिटं आधी, त्यामुळे दोन तास आधी पोचणं आलंच. घर ते टर्मिनल पाऊण ते एक तास, उड्डाण दीड. सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, बॅग येईपर्यंत वीस मिनिटं, पुढे सीताबर्डी पंचवीस.
तिकिटावर टी-१ की टी-२ ते आदल्या रात्री बघा. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात तर बाहेरून वळसा घालून अर्धा तास गेला. आता नवी मुंबईचीही भर पडली आहे, तेव्हा तिकिटावरचा कोड बीओएम (मुंबई) की एनएमआय (नवी मुंबई) तेही पाहा. दादरहून मेट्रो ३ घेतली तर दोन्ही टर्मिनलना स्टेशन आहे, हायवेचा जुगार टळतो.

वऱ्हाडी_इन_ठाणे
पाच वि. पावणेदहा बरोबर. पण ठाणे-कल्याणवाल्यांना विमानतळ उलट्या दिशेला आणि आमणे दाराशी. तिथे फरक साडेतीन तासांवर येतो. चौघं असतील तर गाडीच.
हिवाळ्यात परतीचं विमान थोडं जास्त वेळ घेतं, वर पश्चिमेचा वारा समोरून असतो.

रबरी_हिशेब
गाडीने जाणाऱ्यांनी टायरकडे लक्ष द्या. हवा जास्त झाली म्हणून टायर फुटतो हा समज अर्धवट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात मुडपते, आतून तापते, आणि मे महिन्यात जालन्यापुढच्या काँक्रीटवर दोन तास सलग १२० ने पळवली की चिरते. हवा घरून निघताना, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा, पूर्ण सामान असेल तर ‘फुल लोड’चा. वाटेत गरम टायरमध्ये ४-५ पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका.
बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसो, सहा वर्षांपुढचा टायर या रस्त्यावर नको. स्टेपनीचाही बघा, तीच सगळ्यात जुनी निघते.

आमणेकर
@रबरी_हिशेब +१. आणि दर दीड-दोन तासांनी इंटरचेंजपाशी थांबाच. सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहतात, लक्ष झोपतं. दुचाकीला मात्र समृद्धीवर बंदी आहे, उगाच आमण्यापर्यंत येऊ नका.