शिडाची बोट विकायची आहे. आत्ता की पावसाळ्यानंतर?

सुकाणू_अलिबाग
नमस्कार. आमच्याकडे 22 फुटी फायबरची शिडाची बोट आहे. 1996 मध्ये मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हापासून मांडव्याला असते. शिडं आणि दोऱ्या हे सांभाळायचे, सुकाणू कायम माझ्याकडे. आता ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, छोट्या होडीतून बोटीवर चढणंच जमत नाही. मुलाला पाण्याची हौस नाही आणि मी ती लादणार नाही.

बोट हललीच नाही तरी खर्च चालूच. मे संपायच्या आत ओढून काढा, तळाची कालवं खरवडा, रंग द्या, शेडचं भाडं, राखणदाराचा पगार. एक रिसॉर्टवाले चांगली किंमत देतायत, पण त्यांना ती लॉनवर फोटोसाठी उभी करायचीय. मला ते सहन होणार नाही. दुपारी खारा वारा सुटला की उजव्या कुशीला वारा घेऊन ती खांदेरीकडे अशी पळते, की सुकाणूवर दोन बोटं पुरतात! अशी बोट गवतात ठेवायची?

तर, चालवणाराच मिळावा म्हणून थांबू का? आणि किंमत कशी ठरवतात?

फायबरवाला_करंजा
काकू, मी बोटींचंच काम करतो. आत्ता काढू नका. मे महिन्यात घेणाऱ्याला पहिले तीन-चार महिने बोट ताडपत्रीखालीच ठेवावी लागते, तेवढा भाव तो पाडतोच. नेहमीसारखी शाकारून ठेवा, नारळी पौर्णिमेनंतर दाखवायला काढा.

वर काढाल तेव्हा तळ लाकडी हातोडीनं हलके ठोकत जा. खणखणीत वाजला तर उत्तम. भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. फोड दिसले तर एखादा टोचून बघा. आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ऑस्मोसिस समजायचा, म्हणजे फायबरच्या थरांत पाणी मुरून फोड आलेत. त्यावर रंग मारून विकायला काढू नका. घेणाऱ्यातर्फे बोट तपासणारा सर्व्हेअर ओलाव्याचं मीटर लावतो, तिथे सगळं उघडं पडतं आणि मग बाकीच्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. डोलकाठीच्या तारा बारा-पंधरा वर्षांच्या असतील तर बदलायचा खर्च घेणारा धरणारच.

रेवदंड्याची_मीना
ताई, कागद आधी बघा. तुमची नोंदणी 1917 च्या जुन्या कायद्याखालची असेल, आता 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात जाऊन काय लागेल ते आत्ताच विचारून या. आणि नाव बदलल्याशिवाय बोट ताब्यात देऊ नका. उद्या काही अपघात झाला तर कागदावर मालक तुम्हीच.

ठाण्याचा_खलाशी
काकू, मी शिडाचा कोर्स केलाय, दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो. पूर्ण किंमत एकदम जमणार नाही. अर्धी मालकी द्याल का?

सुकाणू_अलिबाग
सगळ्यांचे आभार. ह्यांना वाचून दाखवलं.

ठाणेकर, अर्धी मालकी नको. शीड फाटलं की कोणी भरायचं, रविवार कोणाचा, यावरून चांगली माणसं बोलेनाशी झालेली पाहिलीत. त्यापेक्षा पावसाळा संपला की एक हंगाम माझ्याबरोबर या. शिडावर मला माणूस हवाच आहे, हे धक्क्यावरून ओरडून शिकवतील. तोवर पैसे साठवा. मेमध्ये पटलं तर सर्व्हे तुमच्या खर्चानं, त्यात निघेल ती दुरुस्ती भावातून वजा, आणि नाव बदलल्यावरच ताबा. तुम्हाला नाही पटलं तर मी इथेच जाहिरात टाकेन.

मीना, सोमवारी बंदर कार्यालयात जाते. रिसॉर्टवाल्यांना आजच नाही म्हणून कळवलं.

करंज्याचे दादा, बोट 25 मेच्या भरतीला वर घेतोय. तळ वाजवून बघायला तुम्हीच याल का? मजुरी काय ते आधी सांगा.