मोगऱ्याला नुसती पानंच येतात?
कळ्याच नाहीत म्हणताय ना, गेल्या वर्षी आमचंही तेच. रिटायर झाल्यापासून फेब्रुवारीतला एक अख्खा दिवस आम्हा दोघांचा गच्चीवरच जातो. यंदा ह्यांनी सकाळी सातलाच कात्री काढली, मोगरा निम्म्यावर छाटला, उरलेली पानं मी ओरबाडली, मग वरची दोन-तीन इंच माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली, आणि हो, आधी आठ दिवस पाणी अगदी कमी केलेलं ते सांगायचं राहिलंच. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर, म्हणजे त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीवर, नीम तेल मारेपर्यंत दीड वाजला, कंबर धरली, जेवायला कालचीच आमटी. कढीपत्ता ह्यांनी इतका खाली कापलाय की बघवत नाही, म्हणे फुटेल!