मायका पार्सन्स: करार हातात असताना ट्रेडच्या मागणीपुढे काउबॉइज का झुकले?

फ्रिस्कोकर
28 सप्टेंबर 2025 च्या रविवारी, ग्रीन बे पॅकर्सविरुद्धच्या NFL (अमेरिकन फुटबॉल) सामन्यात, ओव्हरटाइममध्ये आपण, म्हणजे डॅलस काउबॉइज, गोल लाइनच्या तोंडाशी होतो. आपला क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला धावत गाठून सॅक करणारा (पास टाकण्याआधीच पाडणारा) कोण, तर आपणच पॅकर्सना ट्रेड केलेला (अदलाबदलीत दिलेला) मायका पार्सन्स, आणि तोही ग्रीन बेच्या जर्सीत! टचडाउनऐवजी (6 गुण) फील्ड गोलवर (3 गुण) भागवावं लागलं, मग पॅकर्सनी वेळ संपता संपता फील्ड गोल मारून 40-40 केलं. मन विटलं अगदी.

2021 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बाराव्या क्रमांकावर आपण त्याला निवडलं. चार हंगामांत 52.5 सॅक. आणि 1 ऑगस्ट 2025 ला हा एक्सवर निवेदन टाकून ट्रेड मागतो! पाचव्या वर्षाच्या ऑप्शनने (पहिला करार एक वर्ष वाढवायचा संघाचा हक्क) 2025 साठी तो 24 मिलियन डॉलरवर बांधलेला होता, पुढे फ्रँचायझी टॅग (करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर एक वर्ष राखायचा हक्क) होताच. जाणकारांनी सांगा: मागितलं म्हणून सोडावंच लागतं का? टॅग लावून ठेवता आलं नसतं? आणि हंगामाआधीच्या कॅम्पमध्ये सराव केला नाही त्याचा दंड का नाही?

कॅपगणित
मागणी संघावर बंधनकारक नसते. 2025 च्या फेब्रुवारीत मायल्स गॅरेटनेही आपल्या संघाकडे, ब्राउन्सकडे, ट्रेड मागितला होता. ब्राउन्सनी ठाम नकार दिला, आणि मार्चमध्ये वर्षाला 40 मिलियनवर त्याने तिथेच सही केली. बऱ्याचदा अशी मागणी म्हणजे पैशाच्या बोलणीतला दबाव असतो.

टॅगचा हिशोब असा. जागेनुसार ठरलेला आकडा किंवा आधीच्या पगाराच्या 120 टक्के, यातलं जे जास्त ते द्यायचं. पार्सन्सचे 2025 चे 24.007, म्हणजे 2026 ला किमान 28.8 आणि 2027 ला 34.6. तीन हंगामांचे मिळून साधारण 87.4 मिलियन, सरासरी 29. ग्रीन बेने चार वर्षांना 188 दिले, म्हणजे वर्षाला 47. कागदावर टॅग फारच स्वस्त दिसतो.

पण टॅगची अख्खी रक्कम त्याच वर्षाच्या कॅपवर (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेवर) बसते. लांबच्या करारात साइनिंग बोनस पाच वर्षांवर पसरवता येतो. पॅकर्सनी 44 मिलियन बोनस दिला, त्यातले फक्त 8.8 हे 2025 च्या कॅपवर आले. मूळ पगार अगदी कमी ठेवला, त्यामुळे 2025 चा त्याचा कॅप हिट 10 मिलियनच्या आत आहे. ऑप्शनवर ठेवला असता तर आपल्या कॅपवर पूर्ण 24 बसले असते.

दुसरी अडचण जास्त वाईट. टॅगवर सही करेपर्यंत खेळाडू करारातच नसतो, त्यामुळे कॅम्प बुडवला तरी दंड लागत नाही. लेव्हियन बेलने 2018 ला स्टीलर्सच्या 14.5 मिलियनच्या टॅगवर सहीच केली नाही आणि अख्खा हंगाम बाहेर बसला.

ऑक्सनार्ड_ते_आर्लिंग्टन
दंडाचं मी सांगतो. दंड गैरहजेरीला असतो. ड्राफ्टनंतरचा पहिला करार संपलेला अनुभवी खेळाडू कॅम्पला आलाच नाही तर दिवसाला 50,000 डॉलर, आणि 2020 च्या सामूहिक करारापासून ते माफ करायचीही सोय नाही. पार्सन्ससारख्या पहिल्याच करारावरच्या खेळाडूलाही दंड लागतो, पण तो संघ माफ करू शकतो. म्हणून आता बरेच जण होल्ड-इन करतात: कॅम्पला यायचं, मीटिंगला बसायचं, सरावाला उतरायचं नाही. पार्सन्स ऑक्सनार्डच्या कॅम्पला हजर होता, पाठ आखडल्याचं कारण होतं. फाल्कन्सविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात तो साइडलाइनच्या ट्रेनिंग टेबलावर आडवा पडलेला दिसला, त्यावरून लोक भडकले. पण पाठीचं निव्वळ निमित्त नव्हतं. ग्रीन बेनेही पहिल्या सामन्यात त्याला मोजकेच स्नॅप (डाव) दिले.

निळा_तारा
फ्रिस्कोकर, राग रास्त आहे, पण तो खेळाडूवर काढू नका, उशीर करणाऱ्यांवर काढा. पास रशरचा (क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्या बचावपटूचा) वर्षाचा भाव, मिलियन डॉलरमध्ये, कसा चढला बघा: निक बोसा 34 (सप्टेंबर 2023), मॅक्स क्रॉस्बी 35.5 (मार्च 2025), गॅरेट 40 (तोच महिना), टी. जे. वॉट 41 (जुलै), पार्सन्स 47. ड्राफ्ट केलेल्या खेळाडूचा करार तिसरा हंगाम संपला की वाढवता येतो. म्हणजे 2024 च्या सुरुवातीपासून दार उघडं होतं, आणि तेव्हा बोसाचे 34 हाच सर्वात वरचा आकडा होता. दीड वर्ष थांबून आपण काय कमावलं?

ही खोडच आहे. 2024 ला आपला रिसीव्हर सीडी लॅम्बचा करार ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, डॅकचा तर पहिल्या सामन्याच्या दिवशी. 2025 च्या मार्चमध्ये मालक जेरी जोन्स थेट पार्सन्सशी बोलले आणि ठरलं असं धरून चालले, एजंट डेव्हिड मुलुगेटाला बाजूला ठेवून. खेळाडू स्वतः बोलू शकतो, ते नियमात बसतं. पण वर्षं किती, गॅरंटी कोणत्या तारखेला पक्की होते, हे कागदावर येऊन सही होईपर्यंत त्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

फ्रिस्कोकर
बदल्यात मिळाले दोन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या निवडी) आणि पॅकर्सचा केनी क्लार्क. एवढ्यावर सोडायचा होता का पण?

कॅपगणित
नाही, कमी पडलं. नॉन-एक्सक्लुझिव्ह टॅग (इतर संघांशी बोलायची मुभा असलेला) लावलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने ऑफर शीट (कराराचा प्रस्ताव) दिली आणि आपण ती जुळवली नाही, तर नियमानेच दोन फर्स्ट राउंड पिक मिळतात. म्हणजे ठरलेल्या दरावर फक्त क्लार्क जास्तीचा. क्लार्क तीन वेळा प्रो बोलसाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा सन्मान) निवडला गेलाय आणि रन अडवायला उपयोगी आहे, पण ऑक्टोबर 2025 मध्ये तो तिशी गाठतो, आणि तो डिफेन्सिव्ह टॅकल. एजची (बाहेरच्या बाजूने पास रश करणाऱ्याची) जागा रिकामीच राहिली.

शिवाय मिळालेले 2026 आणि 2027 चे दोन्ही पिक पॅकर्सचे. पार्सन्सच्या जोरावर ते जिंकत राहिले की ते पिक खाली घसरत जाणार (जिंकणाऱ्या संघाची निवड उशिरा येते). चांगले एज रशर बहुधा पहिल्या पंधरातच उचलले जातात. तेव्हा एज घ्यायचा तर 2026 च्या आपल्या स्वतःच्या पिकवर घ्यावा आणि पॅकर्सचा पिक कॉर्नर किंवा लाइनबॅकरसाठी ठेवावा.