मदत हवी आहे: जुन्या उत्खननाचा आराखडा क्यूजीआयएसमध्ये बसवताना चरांचे आकार बिघडतात

नमस्कार,

सुमारे ४५ वर्षांपूर्वी झालेल्या आणि आजवर अप्रकाशित राहिलेल्या एका उत्खननाच्या नोंदी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उत्खनन करणाऱ्यांपैकी कोणाशीही आता संपर्क होऊ शकत नाही. हाती आहेत ते आलेखकागदावरचे २६ आराखडे, तीन नोंदवह्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी. एकदा खणलेली जमीन पुन्हा होती तशी करता येत नाही, त्यामुळे त्या जागेतून जे काढले गेले त्याचे हे कागद हेच आता एकमेव साक्षीदार आहेत. म्हणूनच नकाशा कसाबसा बसवून पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

उत्खननाची आखणी ५ × ५ मीटरच्या चौकोनांची आहे; प्रत्येक चौकोन म्हणजे एक चर. नैऋत्य कोपऱ्यातील खुंटी हा शून्य बिंदू धरून तिथून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे मीटरमध्ये मोजमाप केले आहे. प्रत्येक चराचा आराखडा १:२० प्रमाणात आहे, आणि सर्व चर एकत्र दाखवणारा एक आराखडा १:२०० प्रमाणात आहे. उत्तर दिशेचा बाण काढलेला आहे, परंतु ती चुंबकीय (होकायंत्राची) उत्तर असल्याचे नोंदवहीत म्हटले आहे. सुदैवाने ४० × ३० मीटरच्या आयताच्या चारही कोपऱ्यांवरील, सिमेंटमध्ये रोवलेल्या लोखंडी खुंट्या अजून जागेवर आहेत. मी त्यांचे जीपीएस निर्देशांक फोनवर, एकाच दुपारी, प्रत्येकी एकदा घेतले.

त्यानंतर एकत्रित आराखड्याची स्कॅन केलेली प्रतिमा जिओरेफरन्सरमध्ये (प्रतिमा निर्देशांकांशी जुळवणाऱ्या साधनात) उघडली, चार खुंट्या नियंत्रणबिंदू (ज्यांचे निर्देशांक माहीत आहेत असे बिंदू) म्हणून दिल्या, यूटीएम या मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीतील त्या भागाचा विभाग निवडला आणि ‘पॉलिनॉमियल १’ हे रूपांतर वापरले. सरासरी त्रुटी १.१ मीटर आली, म्हणून मी समाधानी होते. पण चर रेखाटून त्यांची लांबी मोजली, तेव्हा ५ मीटरची बाजू एका दिशेत ५.३ आणि दुसऱ्या दिशेत ४.७ मीटर भरली, आणि कोपरे काटकोनात राहिले नाहीत. ‘हेल्मर्ट’ हे दुसरे रूपांतर वापरले तर चौकोन चौकोनच राहतात, परंतु त्रुटी २.९ मीटरवर जाते. कमी त्रुटी दाखवणारे रूपांतर चरांचा आकार का बिघडवते, आणि मी यांपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. चुंबकीय उत्तरेचा उपयोग करता येईल का, हा दुसरा. शिवाय जागा संरक्षित नसल्याने तिथे चोरून खोदकाम होण्याची भीती आहे, म्हणून मला तिचे खरे निर्देशांक उघड करायचे नाहीत. अशा स्थितीत क्यूजीआयएसच्या जाणकारांना फाइल दाखवून मदत कशी मागावी?

(या धाग्यात ‘थर’ म्हणजे मातीचा थर; सॉफ्टवेअरमधील थराला मी ‘लेयर’च म्हणेन, अन्यथा गोंधळ होतो.)

प्रतिसाद १

आपण चरांची मोजमापे करून पाहिली हे फार चांगले केले. बहुतेकजण त्रुटीचा आकडा पाहूनच थांबतात.

‘पॉलिनॉमियल १’ला आराखडा सरकवण्याची आणि फिरवण्याची मुभा असतेच, शिवाय दोन्ही दिशांना वेगवेगळा ताणण्याची आणि तिरका करण्याचीही असते. त्यात सहा अज्ञात संख्या असतात. तीनच बिंदू दिले तर सहा समीकरणे मिळतात आणि त्रुटी नेहमी शून्य येते, मग ते बिंदू कितीही चुकीचे असोत. चार बिंदूंनाही पडताळणीला जागा थोडीच उरते. फोनच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक असते, आणि आपल्या रूपांतराने ती चूक सामावून घेण्यासाठी टेपने मोजलेले चर वाकवले. ‘हेल्मर्ट’ केवळ सरकवते, फिरवते आणि सर्व दिशांना सारखेच लहानमोठे करते, म्हणून जीपीएसची चूक तिथे उघडी पडते. २.९ मीटर हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा आहे.

माझ्या मते येथे दोन वेगळे प्रश्न एकाच पायरीत सोडवले जात आहेत. कागद आकसला किंवा स्कॅनरने तो ताणला, ही एक चूक. खुंटी पृथ्वीवर नेमकी कुठे आहे, ही दुसरी. पहिली पायरी पूर्णपणे स्थानिक निर्देशांकांतच करा. आलेखकागदाच्या रेघांचे छेद नियंत्रणबिंदू म्हणून घ्या, आणि त्यांचे निर्देशांक म्हणून (०, ०), (५, ०), (५, ५) अशी उत्खननाचीच मापे द्या. येथे ‘पॉलिनॉमियल १’ वापरणे योग्य आहे, कारण कागद खरोखरच एका दिशेने जास्त ताणला जाऊ शकतो. चर, भिंती, खड्डे आणि वस्तूंची स्थाने याच पद्धतीत रेखाटून जिओपॅकेज प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा आणि हीच मूळ नोंद माना. शेपफाइल हा जुना फाइलप्रकार टाळा, कारण तिच्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरांहून मोठे देता येत नाही आणि देवनागरीत तर ही मर्यादा त्याआधीच गाठली जाते.

दुसऱ्या पायरीत ही रेखाटने क्यूजीआयएसच्या ‘प्रोसेसिंग’ या साधनसंचातील ‘अफाइन ट्रान्सफॉर्म’ने यूटीएममध्ये न्या आणि प्रमाण १ ठेवा. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असते, म्हणजे ४० मीटरमागे १.६ सेंटिमीटरचा फरक पडतो. १:२०० आराखड्यावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेघच १० सेंटिमीटर जागा व्यापते, त्यामुळे तो सोडून देता येईल. हे साधन आराखडा शून्य बिंदूभोवती, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवते आणि त्यानंतरच सरकवते. म्हणून चार खुंट्यांच्या मध्यबिंदूचे स्थानिक निर्देशांक आधी तितक्याच कोनातून फिरवा, आणि ते जीपीएसच्या सरासरीतून वजा करून जे येईल तेवढे सरकवा.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी सहमत आहे. फक्त फिरवण्याचा कोन जीपीएसवरून काढू नये, एवढे सुचवतो. ३० मीटर अंतरावरील दोन खुंट्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने दोन-दोन मीटर चुकल्या, तरी कोन साडेसात अंशांनी चुकतो. चुंबकीय उत्तर उपयोगी आहे, परंतु ती कालांतराने सरकते, त्यामुळे खऱ्या उत्तरेशी असलेला तिचा आजचा नव्हे, तर उत्खननाच्या वर्षाचा फरक घ्यावा लागतो. आयजीआरएफ या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रारूपातून १९०० पासूनच्या कोणत्याही वर्षासाठी तो काढता येतो. त्यात यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर यांमधील छोटा कोनही धरा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे जमिनीवर अजून दिसणारी एखादी लांब, सरळ भिंत. आराखड्यात तिची दोन टोके असतील, तर उपग्रह प्रतिमेवरील तिच्या दिशेशी ती जुळवून पाहा. उपग्रह प्रतिमा काही मीटर सरकलेली असू शकते, परंतु तिच्यातील दिशा सहसा विश्वासार्ह असते. जीपीएसची वाचने मात्र वेगवेगळ्या दिवशी पुन्हा घ्या. एकाच दुपारच्या वाचनांत चुकीचा काही भाग सारखाच असू शकतो, म्हणून त्यांची सरासरी काढून फारसा लाभ होत नाही.

प्रतिसाद ३

गोपनीयतेबद्दल थोडे. पहिल्या पायरीतील फाइल स्थानिक निर्देशांकांत असल्याने तिच्यातून जागा कळत नाही, आणि गणित समजावून घेण्यासाठी तेवढी पुरते. नियंत्रणबिंदू द्यायचेच असतील, तर सर्वांत एकच मोठी संख्या मिळवून द्या. त्रुटी तीच राहते. प्रकल्पाची मूळ फाइल कोणालाही पाठवू नका, कारण तिच्यात नकाशाची व्याप्ती आणि फोल्डरांची नावे साठवलेली असतात. प्रश्न विचारताना आवृत्ती, संगणकप्रणाली आणि केलेल्या कृतींचा क्रम लिहा. हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांत अनेकजण स्वेच्छेने वेळ देतात, आणि अडचण त्यांना स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवता आली तर उत्तर लवकर मिळते. थरांच्या नोंदी ठेवण्याची वेळ आली की पुरातत्त्वासाठीच तयार केलेले पायआर्कइनिट हे प्लगइनही (क्यूजीआयएसला जोडायचा प्रोग्राम) पाहा.

धागाकर्ती

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व नव्याने केले. एका तटभिंतीची दोन टोके दोन वेगळ्या चरांत सापडली आहेत आणि मधला भाग उपग्रह प्रतिमेत स्पष्ट दिसतो. तिच्यावरून काढलेला कोन आणि चुंबकीय उत्तरेवरून काढलेला कोन यांत दीड अंशाहून कमी अंतर आहे. होकायंत्राच्या वाचनात तेवढी चूक सहज होऊ शकते, म्हणून मी भिंतीचा कोन धरला. खुंट्यांची वाचने चार वेगवेगळ्या दिवशी घेतली. आता प्रत्येक चर ५ × ५ मीटरच भरतो, आणि पूर्वी भिंतीबाहेर पडलेले दोन खापरांचे ढीग भिंतीच्या आतल्या बाजूस, नोंदवहीत लिहिले आहे तिथेच आले आहेत. लेयरमध्ये मी दोन स्वतंत्र स्तंभ जोडले आहेत: चरातील मोजमापाची अचूकता सेंटिमीटरमध्ये, आणि पृथ्वीवरील स्थानाची अचूकता मीटरमध्ये. उरलेले २५ आराखडे याच पद्धतीने घेत आहे.