वसंतात कांपालच्या बागेत धावायचे तर पहाटे की संध्याकाळी?

रायबंदरकर:
फाल्गुन लागल्यापासून मी पणजीत कांपालच्या बागेत धावायला जातो. आंब्याच्या मोहोराचा वास मांडवीवरच्या खाऱ्या वाऱ्यात मिसळलेला असतो, कुठल्यातरी फांदीवर तांबटाची टुकटुक अखंड चालू असते आणि पायांखाली वर्षावृक्षांच्या वाळक्या पानांचा चुरा वाजतो. व्यायामाचा कंटाळा यावा असे तिथे काहीच नाही. तरीही सूर्योदयापूर्वी, हवा गार असतानाच, सदरा ओलाचिंब होतो आणि दम लागतो. जानेवारीत असे होत नव्हते. या दिवसांत कोणती वेळ धरावी, हे नियमित धावणाऱ्यांनी कृपया सांगावे.

मळेकर:
पहाट गार असते म्हणून ती कोरडीही असेल, असे आपण उगाच धरून चालतो. हवा जितकी थंड, तितके कमी बाष्प तिच्यात मावते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता साधारणपणे पहाटेच सर्वाधिक असते. जानेवारीत घाटाकडून येणारा कोरडा वारा ही बाब जाणवू देत नाही. मार्चमध्ये तो मंदावला की घाम येतो, पण सुकत नाही, आणि शरीर निवते ते घाम सुकल्यामुळे. संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो, म्हणून तापमान अधिक असूनही साडेपाचनंतरचे धावणे मला सुसह्य वाटते. त्या वेळी बागेत मुलांची गर्दी असते, हे मात्र मान्य करावे लागेल. पहाटच प्रिय असेल, तर सोबत्याशी बोलता येईल इतका वेग ठेवावा आणि जानेवारीतील वेळेशी तुलना करू नये.

आल्तिनोवासी:
मी पहाटेच्याच बाजूचा आहे. मार्चच्या मध्यास सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो. त्याआधीचा अर्धा तास पक्ष्यांचा असतो आणि तो सोडून संध्याकाळच्या वाहनांच्या धुरात धावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कांपाल सपाट आहे, तेव्हा थोडा चढ हवा असेल तर आल्तिनोवरील जॉगर्स पार्क पाहावे, परंतु टेकडीची चढण चालतच चढावी. चर्चसमोरील गार्सिया द ओर्ता उद्यान कितीही देखणे असले, तरी ते बाकावर बसण्याचे ठिकाण आहे. तिथे धावणारा माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. (ज्यांचे नाव त्या बागेला आहे, त्या वैद्यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, हे मात्र बाकावर बसल्यावर जरूर आठवावे.)

म्हापशेकर:
वर कोणीच पाण्याचा उल्लेख केलेला नाही. इतका घाम जात असेल, तर धावून झाल्यावर मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. काजूचा हंगाम चालू असल्याने ताजा नीरो (काजूच्या बोंडांचा रस) मिळाला तर तोही गोड लागतो. हुर्राकाला (त्याच रसापासून काढलेल्या दारूला) मात्र हा नियम लावू नये. शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी पणजीतील रस्ते वाहतुकीसाठी बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळचा बेत केला असल्यास तो पहाटेवर न्यावा.